कालवं कुणी फोडली?

बाई,

तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे, आणि विचारायला तुम्ही नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी कल्याणच्या कॉलेजात नुकतीच शिकवायला लागले होते. आता तिथून रिटायरही झाले. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत मला दगडवाल्या मॅडम म्हणतात. कुणाच्या पोराला शाळेच्या प्रोजेक्टसाठी खडक हवा असला की आमच्या दाराची बेल वाजते. एवढं वय झाल्यावर आपल्या शंका आपणच निस्तराव्यात, हे मला कळतं. पण ही शंका तुमच्याच खात्यातली आहे. दगड ओळखायला तुम्ही शिकवलंत, तर त्या ओळखीपायी घरात अबोला आला की काय करायचं, हेही तुम्हीच सांगायला हवं होतं. ते शिकवायचं राहून गेलं, आणि त्याचा मला थोडा रागही आहे.

आमचं गाव तुम्हाला ऐकून माहीत होतं, घोडबंदरच्या बाजूचं, खाडीला लागून. आता गाव म्हणायचं ते सवयीने. चहूबाजूंनी टॉवर, आणि मधल्या बेचक्यात आमची कौलं आणि पत्रे. रस्त्याच्या कडेला गावाचं खळं आहे. सारवलेली मोकळी जमीन, तिथे माझी वहिनी आणि गावातल्या बाया अजून जवळा आणि कोळंबी सुकवतात. रस्ता रुंद होणार आणि त्यात खळं जाणार, हे ठरलेलं आहे. त्यासाठी खळ्याच्या वरच्या अंगाची टेकडी कापली, तेव्हा कापलेल्या भिंतीत काळ्या दगडावर शिंपल्यांचा एक थर उघडा पडला. पांढरा, हातभर जाड, चुन्याने आवळून स्वतःच दगड झालेला. सगळी कालवंच. माझ्या धाकट्या भावाने त्याच दिवशी फोन केला.

“बाय, तू ये न् बघ. आपल्या जुन्या मानसांनी खाल्लेली कालवां हायत ती. फोरून फोरून ढीग जालाय.”

त्याला कुणीतरी सांगितलं होतं की जुन्या वस्तीचा पुरावा निघाला तर पुरातत्त्ववाले बघायला येतात, आणि ते आले की काम थांबतं. “तू कालेजात शिकवलंस. तू लिवून दिलंस तं ते येतील तरी. आपला खला वाचंल,” तो म्हणाला. प्रश्न सरळ होता. हा थर म्हणजे माणसांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचा ढीग, की खाडीचं पाणी कधीकाळी तिथवर चढत होतं तेव्हा त्याच जागी जगून मेलेली कालवं? पहिलं खरं असेल तर आमचं गाव फार जुनं, आणि खळ्याला काहीतरी आधार. दुसरं खरं असेल तर माझ्यासारखीला आनंद व्हावा असा जीवाश्मांचा सुरेख थर, आणि गावाच्या हाती काही नाही.

फोन ठेवला आणि मला आपल्या कॉलेजच्या सहलीतली, कच्छमधली ती रस्त्याकडेची कापलेली टेकडी आठवली. आपण सगळे बसमधून उतरतो. ऊन असं की पिवळट भिंतीकडे डोळे उघडून बघवत नाही. भिंतीच्या पायथ्याशी पावसाने सुटे केलेले जुन्या समुद्रातले जीव पसरलेत, आणि तुमचा नियम आहे की भिंतीला हातोडा लावायचा नाही, खाली पडलेलं असेल तेच उचलायचं. तुम्ही एक दगड उचलता, पदराने पुसता आणि सरळ जिभेने चाटता. ओला झाला की त्याच्यावरच्या बारीक रेषा उठून दिसतात. मुलं खिदळतात. तुम्ही तोच दगड त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्याने हसणाऱ्याच्या हातात देता आणि म्हणता, “घे, आता तू.” माझ्या पायात तुम्ही दिलेले कॅनव्हासचे बूट आहेत, कारण माझ्याकडे चपलाच होत्या. “माझ्या मुलीला घट्ट होतात, नेऊन टाक,” असं म्हणून तुम्ही ते स्टाफरूमच्या दारात माझ्या हातात कोंबले होते, जणू मीच तुमच्या घरची अडगळ कमी करून उपकार करणार होते.

तिथे मी एक मिटलेली शिंपली उचलली, नखाएवढी, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “बाई, ही तिसरी!” एरवी वर्गात मी तोंड उघडत नसे. बाकीची मुलं नौपाड्यातली, डोंबिवलीतली, घरात पुस्तकं असलेली. मी खाडीकाठची, बोलायला लागले की गावचा हेल यायचा. पण तिसऱ्या, कालवं, खाडीतल्या साऱ्या शिंपल्या ही माझ्या घरची गोष्ट होती, निदान इथे तरी मी पुढे असेन असं मला वाटलं. तुम्ही विचारलंत, “कशावरून?” मी म्हणाले, “आम्ही नेहमी खातो.” सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. हसला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, “तू काय खातेस ते नंतर. ही काय आहे ते सांग. नाव शेवटी, आधी दिसतंय ते.” मग तिथे उन्हात उभं करून तुम्ही माझ्याकडून एकेक गोष्ट वदवून घेतलीत. तिसरीच्या दोन शिंपल्या एकमेकींसारख्या असतात, पण त्यातली एकच हातात घेतली तर ती एका बाजूला कललेली दिसते. हिची तऱ्हा उलटी होती. एक शिंपली मोठी, एक लहान, पण कुठल्याही एकीच्या मधोमध रेघ ओढली तर डावं-उजवं अगदी सारखं. आणि मोठीच्या चोचीशी एक बारीक भोक, देठ बाहेर काढायला. ब्रॅकिओपॉड. तिसरीशी तिचं नात्याने काहीएक देणंघेणं नव्हतं. “तुला ती घरची असायला हवी होती, म्हणून घरची दिसली,” तुम्ही म्हणालात. “दगडाशी नातं लावायचं नाही.”

त्या संध्याकाळी मी तुमच्या पंगतीला बसले नाही. पाय दुखतोय म्हणून सांगितलं आणि धर्मशाळेच्या ओट्यावर बसून तुम्हाला मनातल्या मनात गावच्या भाषेत शिव्या दिल्या. त्या भाषेत शिव्या फार चांगल्या आहेत.

तुमची दुसरी पद्धत तर मला अजून छळते. ओळख पटली, नाव सांगून झालं, की त्याच विद्यार्थ्याने उठून स्वतःच्याच विरुद्ध बोलायचं. आपण चुकलोय हे जीव तोडून सिद्ध करायचा प्रयत्न करायचा, आणि नाही जमलं तरच खाली बसायचं. पुढे मी माझ्या वर्गातल्या मुलांनाही तेच करायला लावलं. त्यांनी मला काय नावं ठेवली असतील ते मी ओट्यावरच्या माझ्या अनुभवावरून जाणते.

कच्छहून परतल्यावर बूट द्यायला मी वर्तकनगरला तुमच्या घरी आले. तुम्ही स्वयंपाकघरात होतात. एका शेगडीवर आमटी उकळत होती आणि ओट्यावर पातेल्यात दगड भिजत घातले होते. मधूनच तुम्ही आमटी ढवळत होता, मधूनच जुन्या टूथब्रशने एखादा दगड घासत होता, आणि ब्रश आमटीत जाईल की काय या काळजीने तुमचे यजमान दारातच उभे होते. मी बूट पुढे केले आणि विचारलं, ताई कुठे आहे? तुमच्या मुलीला मी मनात ताई करून टाकलं होतं. यजमान म्हणाले, “कोण ताई? आम्हाला एकच मुलगा, तो काय बाहेर क्रिकेट खेळतोय.” तुम्ही वळूनसुद्धा बघितलं नाहीत. “बूट राहू देत तुझ्याकडे, पुढच्या वर्षी परत जायचंय,” म्हणालात आणि माझ्यासमोर ताट ठेवलंत. शिंपलीला तिसरी म्हटलं म्हणून मला उन्हात उभं करणाऱ्या बाईंनी, मला संकोच वाटू नये म्हणून एक अख्खी मुलगी जन्माला घातली होती! त्या दिवसापासून माझा राग गेला. आमटी अळणी होती, तेही मी कधी कुणाला सांगितलं नाही.

तर, मी गावी गेले. माजिवड्याला बस बदलली, भाऊ स्टॉपवर आला होता. त्याने मला हाताला धरून त्या भिंतीपाशी नेलं आणि बाजूला उभा राहिला, डॉक्टरच्या टेबलाशी पेशंटचा नातेवाईक उभा राहतो तसा. मी बघितलं, बाई. खालच्या काळ्या दगडाला कालवांच्या खालच्या शिंपल्या चिकटलेल्या होत्या, आणि बहुतेकींची वरची झाकणं नव्हती. आई ओहोटीला कालवं फोडायला जायची तेव्हा मी तिच्याबरोबर चिखलात जायचे. ती दगडाला चिकटलेल्या कालवाचं झाकण टोकदार लोखंडाने एका टोल्यात उडवायची, आतलं मांस वाटीत काढायची, आणि खालची शिंपली दगडावरच राहायची. आम्ही निघालो की मागे दगडावर अशाच उघड्या पांढऱ्या वाट्या दिसायच्या. आता माझ्या डोळ्यांसमोर त्याच होत्या, फक्त दगड झालेल्या. मी वाकले आणि एक शिंपली चाटली.

“बाय, याड लागलाय काय तुला?” भाऊ म्हणाला.

“वाटतंय खरं, तू म्हणतोस तसंच,” मी म्हणाले.

हे मी बोलायला नको होतं. नाव आधी आणि वर्णन नंतर, एवढ्या वर्षांनी पुन्हा तेच. त्याचा चेहरा असा उजळला की मला पुढचं काही बोलवलं नाही. घरी जाईपर्यंत त्याने वाटेतल्या चार लोकांना सांगितलं. वहिनीने जेवायला वाढलं, आणि खळ्यावरच्या दोघी बायाही येऊन उंबऱ्यात बसल्या. वहिनी म्हणाली, “वन्स, खला गेला तं जवला कय सुकवावा आमी? टावरच्या गच्चीवर?” आणि सगळ्या हसल्या. हसत होत्या, पण माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या घरचा खर्च त्या खळ्यावर चालतो, दुसरी मोकळी जमीन गावाला उरलेली नाही. मी नीट बघून लिहून देते असं सांगून निघाले.

आठवडाभर मी माझ्याच विरुद्ध बोलले. डाळ निवडताना बोलले, भाजी आणताना बोलले. मग सकाळच्या वेळी पुन्हा गेले, एकटी, भावाला न कळवता. या वेळी भिंतीच्या एका टोकाला सुरुवात केली आणि नाव मनात येऊ न देता दिसेल ते टिपत गेले. पहिली गोष्ट म्हणजे कडा. आईच्या टोल्याने कालवाच्या काठावर एक खाच पडायची, टोकदार लोखंड आत शिरायचं तिथे. इथे काठ पातळ, लाटेसारखे, पण अखंड होते. एकावरही खाच सापडली नाही. थरात जरा आत बघितलं तर दोन्ही शिंपल्या मिटलेली कालवंही होती, आत चिखल भरून घट्ट झालेली. ती कुणी उघडलीच नव्हती. जुन्या कालवांच्या पाठीवर नवी वाढलेली, त्यांच्यावर अजून लहान, नखाहून लहान. एवढ्या पिल्लांना खायला कुणी हात लावत नाही. मधून मधून दगडाला चिकटलेली ती बारीक टोकदार कवचं, पाण्यात पाय कापणारी, तीही जागच्या जागी. आणि कोळसा नाही, माशाचं हाड नाही, मडक्याचा तुकडा नाही. माणूस जेवतो तिथे काहीतरी सांडतोच. मेलेल्या कालवाची बिजागरी कुजली की झाकण आपोआप सुटतं आणि पाणी ते घेऊन जातं. झाकणं खाडीनेच नेली होती. मग तुमच्या पद्धतीने मी गावाची बाजू घेऊन भांडले, आणि तुम्हाला सांगते, मन लावून भांडले. एखाद्या कोपऱ्यात तरी काही निघेल म्हणून थराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा गेले. काही निघालं नाही. ती कालवं तिथेच जगली होती आणि तिथेच मेली होती, आमच्यापैकी कुणीही तिथे पोचायच्या आधी.

तिथून तशीच भावाच्या घरी गेले. तो चहा पीत होता. मी चुलीशेजारच्या पाटावर बसले आणि सांगून टाकलं. त्याने कप खाली ठेवला.

“नाय म्हंजे? मंग फोरली कुनी?”

“कुणी नाही. आपोआप सुटली. पाणी होतं तिथे तेव्हा.”

“मागल्या टायमाला तूच बोललीस ना, माझा खरा हाय?”

“बोलले. चुकले.”

मी त्याला खाचांचं सांगितलं, मिटलेल्या शिंपल्यांचं सांगितलं. तो ऐकत होता, त्याला कळतही होतं. कालवं त्यानेही फोडलीत. तोच भाग सगळ्यात वाईट होता. तो म्हणाला, “खारीचा हाय म्हंजे कुनाचाच नाय.” मी म्हणाले, खाडी एवढी वर होती हीसुद्धा मोठी गोष्ट आहे, मी तसं लिहून देते, त्यासाठीही कुणी बघायला येईल. तो म्हणाला, “त्यानं खला वाचंल काय?” मी म्हणाले, बहुतेक नाही. मग तो उठला आणि दारातून, माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुझ्या बाईनं बरा शिकवलाय तुला. सगल्यांचा बोलायचा, आपल्या मानसांचा तेवरा नाय बोलायचा.” वहिनीने मला डब्यात सुका जवळा भरून दिला, नेहमीसारखा. तिने एक शब्दही उणा काढला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

भावाचा त्यानंतर फोन नाही. गणपतीला जाईन, तेव्हा तो बोलेल बहुतेक, आमच्याकडे गणपतीत कुणी फार वेळ अबोला धरू शकत नाही. बायांनी दुसऱ्या जागेसाठी अर्ज केलाय, त्यात मी त्यांना मदत केली. जागा मिळेल का, माहीत नाही. खळ्याच्या निम्म्या भागावर आता खडी टाकली आहे. उरलेल्या निम्म्यावर जवळा वाळतोय आणि शेजारून डंपर जातात.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात की बरोबर केलंस. मग मी गप्प बसून तुमची शाबासकी घेतली असती, आणि ती मला पचली नसती. कारण त्या सकाळची एक गोष्ट मी भावाला सांगितली नाही आणि वरही लिहिली नाही. मी गेले तेव्हा पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली एक खापरी होती. गावच्या परसातली, मागे कधीतरी डोंबिवलीला आणून ठेवलेली, जुन्या मडक्याची, काळी पडलेली, किती जुनी ते बघून कुणाला सांगता येणार नाही अशी. डोंबिवलीहून निघतानाच घेतली होती, थराकडे दुसऱ्यांदा बघायच्याही आधी. सगळं टिपून झालं, गावाची बाजू हरली, आणि मी ती बाहेर काढली. दोन शिंपल्यांच्या मधे तिच्या मापाची एक फट होती, ती मी आधीच हेरून ठेवली होती. कुठे, किती आत आणि कशी तिरकी बसवली म्हणजे खरी वाटेल, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? माझा हात पुढे गेला होता. तेवढ्यात मागे एक रिक्षा थांबली. उन्हात म्हातारी बाई भिंतीला धरून उभी आहे असं बघून रिक्षावाला पोरगा उतरला. “काय झालं मावशी, चक्कर येतेय का? पाणी देऊ?” मी खापरी मुठीत धरली, त्याच्या बाटलीतलं पाणी प्याले, आणि त्याच्याच रिक्षात बसून भावाच्या दारात उतरले.

तुमची आठवण झाली म्हणून हात मागे घेतला, असं लिहावं असं फार वाटलं. पण बाई, तेव्हा तुम्ही माझ्या मनातसुद्धा नव्हता. तो पोरगा थांबला नसता तर मी ती खापरी लावली असती.